किशोरांचा आत्मसन्मान : घडण आणि जोपासना

आपण कसे आहोत, याविषयी मनात तयार होणारे चित्र म्हणजे स्वप्रतिमा. त्या चित्राला आपणच दिलेले मोल म्हणजे आत्मसन्मान. किशोरवयात हे चित्र वारंवार पुसले जाते व नव्याने रेखाटले जाते.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली त्याचे जणू गणितच मांडले : यश भागिले अपेक्षा. यश वाढले की आत्मसन्मान वाढतो. अपेक्षा सोडून दिली तरीही तो वाढतो. आठवीतील विद्यार्थी “मला गणित येतच नाही” असे म्हणून वही मिटतो, तेव्हा तो आळशीच असतो असे नाही. अपेक्षा टाकून देऊन तो उरलेला मान वाचवीत असतो. शिक्षकांनी नेमके येथेच थांबावयास हवे.

मग भरघोस स्तुती करावी काय? कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मानवृद्धीसाठी शासकीय कृतिदलच स्थापन केले होते. परंतु नुसता आत्मसन्मान वाढविल्याने अभ्यास सुधारतो, असे बाउमायस्टर व सहकाऱ्यांच्या २००३ मधील आढाव्यात दिसून आले नाही. म्युलर व ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत तर ‘हुशार’ म्हणून वाखाणलेली मुले अपयशाने अधिक खचली; श्रमांचे कौतुक झालेली मुले नेटाने टिकली.

म्हणून मागे पडलेल्या मुलाला प्रथम त्याला सुटेल असे उदाहरण द्यावे आणि ते कसे सुटले, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. ग्रामपंचायतींनीही वाचनालयाची नोंदवही, रोपांची निगा अशी खरीखुरी कामे किशोरांवर सोपवावीत. मुलींवरही, आणि ती केवळ झाडलोटीपुरती नव्हेत.