टांकीची हवा

अरुंद तोंडाची घागर पाण्यांत बुडविली कीं बुडबुडत भरते. आंतील हवा त्याच तोंडानें बाहेर पडूं पाहते. मालमोटारीच्या डिझेलच्या टांकींत हेंच घडतें. हवेची नळी बारीक असली, किंवा मध्येंच लवून तींत डिझेल सांचलें, तर फेंस उसळून भरणी अडते. यास्तव टांकीच्या माथ्यापासून भरणीच्या गळ्यापर्यंत रुंद व सतत चढती नळी बसवितात. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नहरींवर हवा सुटण्यासाठीं मनोरे उभारले होते; तत्त्व एकच! मात्र टांकी गळ्यापर्यंत भरण्याचा हव्यास नको; उन्हानें डिझेल फुगतें, त्यास जागा हवी. टांकीचें बाहेरील श्वासछिद्रही धुळीनें बुजूं देऊं नये. तें बुजलें, तर इंजिन डिझेल ओढीत असतां आंतील दाब उतरतो, पुरवठा तुटतो, आणि लादलेली मालमोटार घाटाच्या ऐन चढावर उभी राहते.