कर्णपटलाचे छिद्र आणि ऊती-अभियांत्रिकी : वैद्यांसाठी अभ्यासपाठ

कान वाहतो, कमी ऐकू येते, ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाने बहुधा घरी एक उपाय करून पाहिलेला असतो : लसूण घालून कढविलेले तेल. तो बरे वाटेना म्हणून आपल्याकडे येतो आणि कर्णपूरणाची अपेक्षा करतो. अशा वेळी वैद्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, कर्णपटल अखंड आहे काय? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व चिकित्सा अवलंबून आहे. फाटलेला पडदा पुन्हा कसा सांधला जातो, यासंबंधी गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनाचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या नित्य व्यवहारासाठी काय घ्यावे हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचना व कार्य

कर्णपटल सुमारे 0.1 मि.मी. जाडीचे असूनही त्रिस्तरीय असते. बाहेर त्वचेचा स्तर, आत मध्यकर्णाची श्लेष्मल कला आणि या दोहोंमध्ये तंतुमय स्तर. या मधल्या स्तरातील काही तंतू चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, तर काही वर्तुळाकार मांडलेले असतात. पडद्याला ताण व बळ मिळते ते याच मांडणीमुळे. पडद्याचे कार्यकारी क्षेत्र रिकिबीच्या तळपट्टीच्या सुमारे 17 पट असल्याने हवेतील ध्वनिलहरींचा दाब वाढून अंतःकर्णातील द्रवापर्यंत पोहोचतो. छिद्र पडले की हा लाभ कमी होतो आणि वहनजन्य बाधिर्य येते.

छिद्र भरते कसे, अडते कोठे

थप्पड, स्फोटाचा आवाज किंवा काडीने कोरणे यांमुळे पडलेली बहुतेक ताजी छिद्रे कान कोरडा ठेवल्यास काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत आपोआप भरून येतात. या भरण्याचा क्रम मात्र इतर व्रणांहून निराळा आहे. सामान्य व्रणात तळाशी मांसांकुर येतात व त्यावर त्वचा सरकते. येथे छिद्राखाली तळच नाही, केवळ हवा आहे. म्हणून त्वचेचा स्तर आधी पुढे सरकतो व तंतुमय स्तर मागून येतो. कधी तो येतच नाही आणि बरा झालेला पडदा त्या जागी पातळ राहतो.

जीर्ण छिद्रात बाहेरची त्वचा छिद्राच्या काठावरून वळून आतील श्लेष्मल कलेला मिळते. काठ जणू शिवला जातो आणि रोपणाची प्रक्रिया थांबते. यावरून दोन गरजा स्पष्ट होतात. काठ पुन्हा ताजा करावयास हवा आणि पेशींना सरकण्यासाठी आधार द्यावयास हवा. ऊती-अभियांत्रिकीचे सर्व प्रयत्न या दोन सूत्रांभोवती फिरतात.

आधाराचा शोध

हा शोध जुना आहे. 1640 मध्ये मार्कस बान्झर यांनी हस्तिदंती नळीवर डुकराच्या मूत्राशयाचे पातळ आवरण बसवून कृत्रिम पडदा वर्णिला. 1853 मध्ये जोसेफ टॉयन्बी यांनी रबराची चकती वापरली. आज सर्वमान्य असलेल्या शस्त्रक्रियेत कानशिलाच्या स्नायूवरील आवरण किंवा कूर्चेचा पातळ तुकडा रुग्णाच्याच शरीरातून घेऊन पडद्याखाली बसवितात. परिणाम चांगले आहेत, परंतु दुसरी जखम करावी लागते आणि शस्त्रक्रियागृहाची गरज असते.

म्हणून पर्यायी जैवपदार्थ पुढे आले. जपानमध्ये डॉ. कानेमारू व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काठ ताजा करून, तंतुपेशीवर्धक घटकात भिजविलेला जिलेटिनचा स्पंज छिद्रात ठेवला व वर फायब्रिनचा लेप दिला. 53 पैकी 52 रुग्णांत छिद्र बंद झाले. घटकाविना केलेल्या 10 जणांत केवळ एकाचे. ट्रॅफरमिन नावाच्या या घटकास जपानमध्ये 2019 साली कर्णपटलासाठी मान्यता मिळाली. तथापि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अमेरिकन अभ्यासात औषधरहित स्पंजापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. काठ ताजा करणे व आधार देणे यांचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा प्रश्न त्यामुळे विचारार्ह ठरतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून पारदर्शक पडदा तयार करण्याचे काम झाले आहे. कोशातील चिकट सेरिसिन काढून टाकल्यावर उरणारे हे प्रथिन बळकट असते व शरीर ते सहन करते. बॉस्टन येथे हार्वर्डच्या वीस संस्थेतील संशोधकांनी कर्णशल्यतज्ज्ञांच्या साहाय्याने त्रिमितीय मुद्रणाद्वारे आऱ्या व वर्तुळे यांची नैसर्गिक मांडणी असलेली, हळूहळू विरघळणारी आधारजाळी बनविली.

सुश्रुतांनी बंधनद्रव्यांत कौशेयाचा उल्लेख केला आहे आणि कर्णपालीच्या संधानाचा विधी विस्ताराने सांगितला आहे. त्याचा अभिमान जरूर असावा. मात्र पाळीचे संधान म्हणजे पडद्याचे संधान नव्हे. ग्रंथांचा आदर राखावयाचा तर त्यांत नसलेले त्यांच्यावर लादू नये.

आपले कर्तव्य

1. ऑटोस्कोपने पडदा पाहिल्यावाचून कर्णपूरण करू नये. छिद्रातून तेल मध्यकर्णात उतरते, तेथे साचते व पूतीस वाव देते. कर्णस्राव चालू असता हा नियम विशेष पाळावा.

2. आघातजन्य कोरड्या छिद्रात तेल, स्वरस वा थेंब काहीही घालू नये. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा, पोहणे वर्ज्य करावे. तीन महिन्यांत छिद्र न भरल्यास कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे.

3. दुर्गंधी स्राव, पडद्याच्या वरच्या भागातील किंवा कडेचे छिद्र, भोवळ, चेहऱ्याचा एका बाजूचा लुळेपणा, कानामागे सूज, ज्वर व तीव्र शिरःशूल यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही थांबू नये. कोलेस्टिॲटोमा हाड पोखरतो; त्यास ना तेल चालते, ना स्पंज.

4. औषधविक्रेत्यांनी जेंटामायसिन वा निओमायसिनयुक्त थेंब केवळ मागणीवरून देऊ नयेत. पडदा फाटलेला असल्यास ते अंतःकर्णापर्यंत पोहोचून कायमचे बाधिर्य आणू शकतात. ‘कान वाहतो काय? पडद्याला छिद्र असल्याचे कोणी सांगितले आहे काय?’ एवढे दोन प्रश्न दुकानात विचारले तरी पुष्कळ हानी टळेल.

नवे जैवपदार्थ शल्यतज्ज्ञाच्या हातातील साधने आहेत. ते बसविण्यापूर्वी कान कोरडा, निर्दोष आणि अंतःकर्ण शाबूत असावे लागते. ते तसे राखणे हे मात्र बहुतेक वेळा रुग्ण प्रथम ज्याच्याकडे येतो, त्या वैद्याच्या हाती असते.