मेदाचे हमाल

संत तुकाराम नगरालगतच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानें दरवर्षीं देहूची पालखी जाते. दिवसभर संथ चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांस बळ कोठून मिळतें? साखरेपासून, असें आमचे विद्यार्थी म्हणतील. शर्यतींत धांवणाऱ्यापुरतें तें पुष्कळ अंशीं खरें आहे. परंतु संथ व दीर्घ श्रमांत स्नायूंचा भर मेदाम्लांवर असतो. अविश्रांत चालणाऱ्या निरोगी हृदयास तर सुमारें शेंकडा ६० ते ७० शक्ति त्यांपासूनच मिळते.

अडचण ही कीं, मेद पाण्यांत विरघळत नाहीं, आणि रक्तांत व पेशींत पाणीच फार. (तेलपाण्याचें वैर आम्ही गृहिणींस काय सांगावें!) म्हणून प्रथिनांचे हमाल लागतात. रक्तांत अल्ब्युमिन मेदाम्लें वाहून आणतें. पेशीच्या पटलांतील सीडी-३६ हें प्रथिन त्यांस आंत घेतें. आंत एफएबीपी-३ हें चिमुकलें प्रथिन त्यांस तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशींतील भट्टीच्या, दाराशीं पोंचवितें. पुढें कार्निटाइनच्या साहाय्यानें तीं आंत शिरतात, व दर खेपेस दोन दोन कार्बन तुटून जळतात. ही तोडणी जर्मन रसायनज्ञ क्नूप ह्यांनीं १९०४ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखविली.

ह्यांपैकीं एफएबीपी-३ची गोष्ट विशेष आहे. हृदयविकाराच्या झटक्यानें पेशींस इजा झाली म्हणजे तें लहान असल्यामुळें कांहीं तासांतच रक्तांत पाझरतें, आणि परीक्षेंत सांपडतें. मात्र हातापायांच्या स्नायूंतही तें असतें. म्हणून त्या एकट्याच्या साक्षीवर वैद्य विसंबत नाहींत, ट्रोपोनिन व हृदयालेखही पाहतात.