संगणकाच्या किनाऱ्यावरील पहारा

रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर या तीर्थक्षेत्राच्या किनाऱ्याजवळ १८ ऑगस्ट २०२२ रोजी एक परकी नौका आढळली. नौकेत मनुष्य नव्हता. मात्र तीन एके-४७ रायफली व काडतुसे होती. साहजिकच सर्वत्र घबराट पसरली. नौका कोणाची, ती कोठून निघाली व कोठे जात होती, याची चौकशी सुरू झाली. 'लेडी हान' नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन स्त्रीच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जून रोजी तिचे इंजिन बिघडले, कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांची सुटका केली आणि रिकामी नौका वाहत कोकणास लागली, अशी प्राथमिक माहिती त्याच दिवशी विधानसभेत देण्यात आली.

संगणकालाही असाच किनारा असतो. माहितीच्या ये-जा करण्यासाठी त्यात ० ते ६५,५३५ क्रमांकांची द्वारे असतात. इंग्रजीत त्यांना 'पोर्ट' म्हणतात; बंदरालाही हाच शब्द आहे.

'स्पायवेअर' म्हणजे हेरगिरी करणारी आज्ञावली. ती मालकाच्या नकळत संगणकात शिरते व परवलीचे शब्द, पत्रे इत्यादी टिपून घेते. परंतु जमवलेली बातमी धन्याकडे पोहोचली नाही, तर हेराचे श्रम व्यर्थ होत. म्हणून तिला केव्हा ना केव्हा द्वाराबाहेर पाऊल टाकावेच लागते, आणि तेथेच ती सापडू शकते.

हा पहारा करणारे 'नेटस्टॅट' नावाचे साधन विंडोज प्रणालीत मुळातच असते. प्रथम चालू असलेली इतर कामे बंद करावीत. मग 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून नेटस्टॅट हा शब्द, मोकळी जागा, लहान आडवी रेघ व तिला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे रोमन लिपीत लिहावीत. पडद्यावर जोडण्यांची यादी उमटते. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे जोडणी चालू आहे. 'लिसनिंग' म्हणजे द्वार उघडे ठेवून कोणी वाट पाहत आहे. शेवटच्या रकान्यातील क्रमांक 'टास्क मॅनेजर'मध्ये शोधला, की ते काम कोणत्या आज्ञावलीचे, हे कळते.

अनोळखी नाव दिसताच ते शत्रूचे मानू नये. संगणक आपली नित्याची कामेही पडद्याआड करीत असतो. उलट, यादीत काही दिसले नाही म्हणून निर्धास्तही राहू नये; काही हेर या यादीतूनही स्वतःला लपवतात, तर काही त्या क्षणी स्वस्थ बसलेले असतात. म्हणून यादी पुन्हा पुन्हा पाहावी, संशय आल्यास इंटरनेटची जोडणी तोडावी व जाणकार वडीलधाऱ्यांस दाखवावे. भय नव्हे, तर शांतपणे केलेली चौकशीच खरा पहारा होय.

स्वाध्याय
१. स्पायवेअरला द्वाराबाहेर का पडावे लागते?
२. हरिहरेश्वरच्या नौकेविषयी कोणते प्रश्न विचारले गेले? संगणकातील अनोळखी जोडणीविषयी तेच प्रश्न कसे विचाराल?
३. वाक्यात उपयोग करा : उलगडा होणे, निर्धास्त राहणे.