परसात अळिवाचा पाला

बाळंतिणीच्या लाडवांसाठी आपण अळीव आणतो, पण त्याचा कोवळा पाला कोशिंबिरीत फारच थोड्या घरी खातात. अळीव मोहरीच्या कुळातला, म्हणून पाला चवीला तिखटसर लागतो.

सर्व संतांच्या सणानंतर थंडी पडू लागली की परसात लहानसा वाफा करावा. कुजलेले शेणखत मिसळून बी विरळ टाकावे. वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा व झारीने पाणी घालावे. चार-पाच दिवसांत बी उगवते. आगमनकाळाच्या सुमारास पाला चार बोटे वाढला की वरून कापावा, उपटू नये. दर पंधरवड्याला थोडेथोडे पेरावे. उन्हाळ्यात लवकर फुलोरा येतो आणि पाला कडवट होतो.

हा पाला कच्चा खायचा, म्हणून त्याला सांडपाणी कधीही घालू नये. स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावा. वर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा, कारण चहाने लोह कमी शोषले जाते.

घरात कोणाला रक्त कमी असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पाल्याच्या भरवशावर बंद करू नयेत. रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी हा पाला, आणि गरोदर भगिनींनी अळिवाचे बी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. बाकी सर्वांनी यंदा एक वाफा जरूर करून पाहू या.