ईस्टरची तारीख कशी ठरते?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. मग गुड फ्रायडेची सुट्टी कधी मार्चात तर कधी एप्रिलात का, असा प्रश्न सुट्ट्यांची यादी वाचताना एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो. ‘यादीत तसे छापले आहे’ हे काही त्याचे उत्तर नव्हे.

येशू ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यू व त्याचे पुनरुत्थान या घटना ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडल्या, आणि तो सण वसंतातील पौर्णिमेशी निगडित आहे. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मसभेने सर्व ख्रिस्ती लोकांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असे ठरविले. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्च रोजी अथवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, तो ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली, तर पुढचा रविवार धरावयाचा. २०२५ साली ती १३ एप्रिलच्या रविवारी होती, म्हणून ईस्टर २० एप्रिलला झाला. या नियमामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी व २५ एप्रिलच्या नंतर येऊ शकत नाही.

मात्र पंचांग उघडून पौर्णिमा पाहणारा शिक्षक येथे क्वचित फसतो. नियमातील पौर्णिमा आकाशातील नसून कोष्टकातील आहे. १९ सौर वर्षांत सुमारे २३५ चांद्रमास बसतात, म्हणजे बारांच्या हिशेबाहून सात अधिक. आपल्या अधिक मासांचा मेळही याच प्रमाणात बसतो, हे मुलांना अवश्य सांगावे. या चक्रावर ते कोष्टक बेतले आहे. २०१९ साली खरी पौर्णिमा २१ मार्चला होती, परंतु कोष्टकात ती २० मार्चला पडली. एका दिवसाने संधी हुकली आणि ईस्टर २४ मार्चऐवजी २१ एप्रिलला आला.

कोष्टके भिन्न असली की घरातही दुफळी होते. सातव्या शतकात इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वी ईस्टरची मेजवानी करी, तेव्हा कधी कधी राणीचा उपवास चालूच असे! अखेर ६६४ मध्ये व्हिटबी येथे सभा भरवून राजाने रोमची गणना स्वीकारली.

जुन्या ज्युलियन दिनगणनेत वसंतसंपात हळूहळू मागे सरकून मार्चच्या ११ तारखेच्या आसपास येऊ लागला होता. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स पंथ ईस्टरसाठी अद्याप जुनीच गणना मानतात. २०२४ साली त्यांचा ईस्टर ५ मे रोजी, तर इतरांचा ३१ मार्च रोजी झाला.

वर्गासाठी उदाहरण : २०२७ साली कोष्टकातील पौर्णिमा २२ मार्च, सोमवार ही आहे. ईस्टरची व त्याच्या दोन दिवस आधीच्या गुड फ्रायडेची तारीख विद्यार्थ्यांनी काढावी आणि मगच दिनदर्शिका पाहावी.