अक्षर कामाला लागलेलं दाखव

लेक चार वर्षांची झाली, तिला वाचनाची गोडी कशी लावू आणि त्यासाठी क्लास लावू का, असं तू विचारलंस. मी पुण्यात बालवाडीत आयुष्य काढलं. माझ्या आधीच्या बाईंनी मला जे सांगितलं, तेच तुला सांगते. मुलाला अक्षर शिकवायच्या आधी अक्षर कामाला लागलेलं दाखव. पाटी वाचली म्हणून बस मिळाली, यादी वाचली म्हणून मेथी घरी आली, फलक वाचला म्हणून बरोबर स्टेशनावर उतरलो, हे मुलानं स्वतः पाहिलं की आपल्यालाही हे यायला हवं असं त्याला आतून वाटू लागतं. त्यासाठी घराबाहेर पडायला हवं, आणि आपल्या शहरात त्याला फार पैसे लागत नाहीत.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. विकत आणलेल्या साधनांवर त्यांचं अडलं नाही. पानं, बिया, खडे, शिंपले जे आसपास मिळेल त्यातून त्यांनी शिकवलं, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तुझ्या लेकीला अंगण नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. पण बसथांबा, मंडई, पेठा आणि स्टेशन आहेत. तिचं अंगण तेच समज.

आधी कान, मग डोळे

चालताना तिचा हात हातात असतो आणि तोंड मोकळं असतं. तेव्हा आवाजाचे खेळ खेळ. आज ‘प’ची फेरी म्हण, आणि पूल, पिशवी, पेरू, पोलीस असं जे दिसेल ते दोघींनी मिळून शोधा. दुसऱ्या दिवशी शेवटचा आवाज जुळणारे शब्द शोधा. नावांवर टाळ्या वाजवा. दापोडी म्हणताना तीन टाळ्या पडतात आणि पाटीवरही तीनच अक्षरं असतात. आपल्या लिपीत बोललेला तुकडा आणि लिहिलेलं अक्षर असे बरेचदा बरोबर जुळतात, आणि मुलाला वाचनाची पहिली चावी इथेच मिळते. खडकीला टाळ्या दोन आणि अक्षरं तीन, तो फरक आत्ता समजावत बसू नकोस. पुढे वाचता वाचता तिचा तिलाच कळेल.

ज्या मुलाच्या कानाला शब्दातले आवाज वेगळे ऐकू येतात, त्याला अक्षरं लवकर लागतात. म्हणून तीन वर्षांपर्यंत तर नुसतं बोलणंच पुरे. बसमध्ये, रिक्षात, रांगेत हातात मोबाइल दिलास तर बोलण्याचा तो सगळा वेळ हातचा जाईल.

बसची पाटी तिला वाचू दे

बसथांब्यावर उभी राहिलीस की काम तिच्यावर सोपव. ‘आपल्याला मनपाची बस हवी आहे, आली की सांग.’ मनपा हा पहिल्या वाचनाला फार सोयीचा शब्द आहे. तीन अक्षरं, आणि त्यात एकच काना. हडपसरला तर काना नाही, मात्रा नाही, सरळ पाच अक्षरं. ही दोन नावं ओळखू आली की निगडी आणि बाणेर घे. तिथे वेलांटी आणि मात्रा भेटतात. स्वारगेट आणि कात्रज या पाट्यांत जोडाक्षरं आहेत. ती फोडून सांगू नकोस. मुलं असे शब्द आधी चित्रासारखे अख्खे ओळखतात, आणि ते ओळखणंही वाचनच आहे.

थांब्यावरच्या बाकीच्या पाट्याही वाया घालवू नकोस. राज्यात २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे एकच नाव दोन लिप्यांत वर-खाली दिसतं. लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर कुठल्या कुठल्या पाटीवर सापडतं, ते तिला शोधू दे. मुलाला सगळ्यात आधी आपलंसं वाटतं ते स्वतःच्या नावाचं अक्षर. तिथून सुरुवात केलीस की बाकीची अक्षरं मागून येतात.

वारांच्या पेठा वारानुसार फिर

सातही वारांच्या नावाच्या पेठा असणं हे पुण्याचं भाग्य आहे, आणि बालवाडीच्या बाईला तर ते आयतंच साधन आहे. बुधवारी बुधवार पेठेत जा, शनिवारी शनिवार पेठेत. आठवड्याचे वार पाठ करून घ्यायची गरजच उरत नाही, ते पायाखालून जातात. पाट्यांवर ‘वार’ आणि ‘पेठ’ पुन्हा पुन्हा येतात आणि आधीचा तुकडा बदलतो. तुकडा तोच राहतो तेव्हा आवाजही तोच राहतो, हे मुलाला कुणी न सांगता उमगतं.

पेठ मोठी असते, एका फेरीला एकच रस्ता पुरे. शनिवारी शनिवारवाड्यापर्यंत जा. मनपाच्या थांब्यावरून नव्या पुलावरून चालत गेलीस की वाडा समोर येतो, वाटेत नदीही दिसते. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याचं १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं गेलं, तट आणि दरवाजे राहिले. दिल्ली दरवाज्यावरचे मोठे लोखंडी खिळे तिला दाखव आणि ‘हे कशाला असतील?’ असं विचारून गप्प बस. ती दहा कारणं सांगेल. मग सांग की हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. दिल्ली, गणेश, मस्तानी, खिडकी, नारायण अशी दरवाज्यांची नावं आहेत, एकेक दरवाजा म्हणजे एकेक गोष्ट. पुरातत्त्व खात्याच्या अशा वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, आणि दिल्ली दरवाजा तर बाहेरूनच दिसतो.

कसब्यात गेलीस तर तांबट आळीतून जा. हातोडीचा ठोका ऐकू येतो आणि तांब्याची भांडी घडताना दिसतात. पाटीवरचं नाव, कानावरचा आवाज आणि डोळ्यांसमोरचं काम तिन्ही एका जागी मिळतं. असं शिकलेला शब्द मूल विसरत नाही.

मंडईत यादी तिच्या हाती

फुले मंडई १८८६ साली बांधून झाली, शुक्रवार पेठेतली ती अष्टकोनी इमारत तुला ठाऊकच आहे. तिथे जायच्या आधी घरी यादी कर, आणि लेकीलाही तिची यादी करू दे. ती रेघोट्या मारेल, टोमॅटोचा गोल काढेल, एखादं अक्षर उलटं काढेल. ती यादी पुसू नकोस, सुधारू नकोस. मंडईत तिला विचार, ‘आता काय घ्यायचं राहिलं?’ ती आपल्या रेघोट्या बघून सांगेल. कागदावर ठेवलेली गोष्ट नंतर परत मिळते, लेखनाचं सगळं मर्म एवढंच आहे, आणि ते तिला त्या क्षणी सापडतं.

मंडईची खरी श्रीमंती शब्दांची. घरात आपण ‘भाजी’ म्हणून मोकळे होतो. इथे मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, माठ ही सगळी शेजारी शेजारी असतात. प्रत्येकीचं पान हातात घेऊन बघायला लाव, वास घ्यायला लाव, नाव दोनदा म्हण. शाळेत पुस्तक हाती येईल तेव्हा ज्या मुलाकडे शब्दांचा साठा आहे त्याला वाचलेलं समजतं. नुसती अक्षरं जोडणाऱ्याला नुसता उच्चार येतो, अर्थ लागत नाही. भाव लिहिलेल्या पाट्या, पाव किलो, अर्धा किलो, जुडी, वाटा हेही तिच्या कानावर पडू दे. एखादी जुडी तिच्या हातून विकत घे, पैसे तिला देऊ दे, भाजीवाल्या मावशींशी तिलाच बोलू दे. सकाळी लवकर जा, गर्दी वाढली की कुणालाच मुलाशी बोलायला सवड नसते.

लोकलमध्ये फलकांची शाळा

पुणे–लोणावळा लोकल ही माझी सगळ्यात आवडती फेरी. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, आणि तुझं तिकीटही परवडणारं असतं. दुपारी गाडी रिकामी असते तेव्हा खिडकीची जागा धर. प्रत्येक स्टेशनावर पिवळा फलक, त्यावर काळी ठळक अक्षरं. गाडी थांबते तेवढा वेळ वाचायला मिळतो आणि पुढच्या फलकाची वाट बघायला उसंतही मिळते.

निघताना चिठ्ठीवर स्टेशनं मोठ्या अक्षरांत लिही: शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. फलक दिसला की तिनं चिठ्ठीवर खूण करायची. कासारवाडी, बेगडेवाडी, घोरावाडी, तिन्हींच्या शेवटी ‘वाडी’ येतं. ते तिला सापडलं की ती ओरडून सांगेल, सांगू दे. पिंपरी आणि चिंचवड लागोपाठ येतात, आणि दोघांच्याही पहिल्या अक्षराला तीच वेलांटी आणि तेच टिंब आहे. आकुर्डीला रफार आहे, तो नुसता बोटानं दाखव आणि पुढे जा. तळेगावला उतरून चहा-बिस्किटं खा आणि परत ये. परतीच्या वाटेवर चिठ्ठी खालून वर वाचायची, हे तिला आपोआप कळतं.

बागेत आणि संग्रहालयात थोडंच बघ

सारसबागेत, पाताळेश्वराच्या आवारात पानं गोळा कर, ओल्या मातीत काडीनं अक्षर काढ, पायानं पूस. मातीत मोठं काढलेलं अक्षर हाताला लवकर बसतं, पेन्सिलीचा जोर पुढे येतो. पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वेगाडी १९५६ साली सुरू झाली. तिच्यात बसवलंस तर तिकीट जपून ठेव. राजा दिनकर केळकर संग्रहालयाला तिकीट आहे, पण वर्षातून एकदा जरूर जा. तिथे दिवे, अडकित्ते, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू आहेत. एकच दालन बघ आणि बाहेर पड. दमलेलं मूल काही घेऊन येत नाही.

वाचनालयाचं कार्ड लवकर काढ

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, आणि त्याशिवायही शहरभर छोटी सार्वजनिक वाचनालयं आहेत. तुझ्या घराजवळच्या वाचनालयात मुलांची पुस्तकं कुठल्या कपाटात असतात, ते विचार. वर्गणी फारशी नसते. तिथे पुस्तक तिनंच निवडायचं. जुनं, फाटकं, तेच तेच आणलं तरी आण. एकच गोष्ट शंभरदा ऐकणारं मूल ती पाठ करतं, मग पानावर बोट ठेवून ‘वाचतं’, आणि एक दिवस खरंच वाचू लागतं. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ मिळालं तर घे. त्यातली माणसं, घर आणि बोलणं आपलंच आहे. अप्पा बळवंत चौकात गेलीस तर आपल्या ऐपतीप्रमाणे चित्रांचं एखादं पुस्तक तिच्या मालकीचं म्हणून घे आणि त्यावर तिचं नाव तिच्या देखत लिही.

घरी आल्यावर तिचं बोलणं लिहून ठेव

फेरीनंतर एक साधी दोनशे पानी वही काढ. त्यात बसचं तिकीट, लोकलची चिठ्ठी, वाळलेलं पान चिकटव. मग तिला विचार, ‘आज काय काय झालं?’ ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत तिच्यासमोर लिही. वाक्य सुधारू नकोस. लिहून झालं की बोट फिरवत तिला वाचून दाखव. आपलं बोलणं कागदावर जातं आणि तसंच्या तसं परत ऐकू येतं, हे कळलेल्या मुलाला वाचनाची भीती वाटत नाही. तुझ्या हाती लेकीचं पहिलं पुस्तक तयार होईल, ते तिनं सांगितलेलं आणि तू लिहिलेलं.

या गोष्टी सांभाळ

फेरीची परीक्षा करू नकोस. ‘हे कुठलं अक्षर, सांग बघू’ असं दर पाटीला विचारलंस तर मूल पाट्यांकडे बघायचंच सोडतं. तू वाच, ती ऐकेल. ती विचारेल तेव्हा सांग. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत होते, अक्षरं उलटी पडतात. या वयात ते होणारच, त्यावर रागावू नकोस. शेजारचा मुलगा वाचू लागला म्हणून घाई करू नकोस. नवनव्या जागा शोधत पळू नकोस. तीच बस, तीच मंडई, तीच लोकल पुन्हा पुन्हा घडू दे. ओळखीच्या जागी मूल पाटीकडे धिटाईनं बघतं.

आणि शेवटचं, आमच्या बाई नेहमी सांगायच्या ते. एकटीला घेऊन जाऊ नकोस. तुमच्या इमारतीच्या वॉचमनचं मूल, कामाला येणाऱ्या मावशींची नात, शेजारचा एकटा कंटाळलेला मुलगा, यांच्या आईबापांना विचारून एकाला तरी बरोबर घे. दोन मुलं एकमेकांशी बोलतात, भांडतात, एकमेकांना पाट्या दाखवतात, आणि ज्या घरी पुस्तक नाही त्या घरातही वाचनाची ओढ पोचते. या फेऱ्यांना फार पैसे लागत नाहीत, म्हणून त्या कुणाच्या आवाक्याबाहेर राहू नयेत. येत्या बुधवारी सुरुवात कर, आणि वर्षभरानं हेच सगळं एखाद्या दुसऱ्या आईला सांग.